हिमनदी आतून कशी चालते?

२४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळलं. मुंबईहून निघून दिल्ली, बैरुत करत ते जिनिव्हाला उतरणार होतं आणि तिथून लंडनला जाणार होतं. विमानातल्या ११७ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघालेले डॉ. होमी भाभा त्यांच्यात होते. त्याआधी ३ नोव्हेंबर १९५० रोजी, जवळपास त्याच जागी, मुंबईहूनच निघालेलं ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचं विमान कड्यावर आदळलं होतं आणि ४८ माणसं गेली होती.

दोन्ही विमानांचे अवशेष सुमारे ४,७०० मीटर उंचीवर पडले. वर्षानुवर्षं पडणाऱ्या हिमाखाली त्यातले बरेचसे गाडले गेले. आणि मग ते खाली, शामोनी गावाच्या अंगाला उतरणाऱ्या बोसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाकडे, एकेक करून उघडे पडू लागले. १९७८ मध्ये गस्तीवरच्या एका फ्रेंच पोलिसाला तिथे ‘मलबार प्रिन्सेस’मधली पत्रं सापडली. २०१२ मध्ये ‘कांचनजंगा’मधली, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं नाव असलेली टपालाची थैली मिळाली. २०१३ मध्ये पाचू, माणकं आणि नीलम भरलेली एक पेटी. २०२० मध्ये काही वर्तमानपत्रं निघाली, आणि इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी त्यांवर वाचता येत होती.

इथे कोडी दोन आहेत. शिखराजवळ पडलेली वस्तू तीन किलोमीटरहून अधिक उंची उतरून पायथ्याजवळ आली कशी, हे पहिलं. दुसरं जास्त गुंतागुंतीचं: हिमाखाली खोल गाडली गेलेली वस्तू पुन्हा पृष्ठभागावर आली कशी? तिला वर कुणी ढकललं? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की हिमनदी समजण्यातला अर्धा रस्ता संपतो. उरलेला अर्धा रस्ता बर्फाच्या पोटातून जातो, आणि तो शोधण्यासाठी माणसं अक्षरशः हिमनदीच्या आत आणि तिच्याखाली जाऊन बसली आहेत.

सरकलेली झोपडी

हिमनदी हलते हे आल्प्समधल्या गुराख्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. कुरणांपर्यंत येणारा आणि मागे जाणारा बर्फ त्यांनी पाहिला होता. पण किती हलते आणि कशी, हे मोजायला सुरुवात झाली एकोणिसाव्या शतकात, आणि तीही काहीशी आपसूक. फ्रान्झ योसेफ हुगी या स्विस अभ्यासकाने १८२७ मध्ये उंटेरआर हिमनदीवर निवाऱ्यासाठी दगडांची झोपडी बांधली. एका तपानंतर हिमनद्यांचा अभ्यासक लुई अगासी तिथे पोहोचला, तेव्हा ती झोपडी मूळ जागेपासून सव्वा किलोमीटरहून जास्त खाली गेलेली होती. झोपडीला कुणी हात लावला नव्हता. तिच्याखालची जमीनच चालत होती.

अगासीने मग याच हिमनदीवर आपला तळ टाकला. काठापासून काठापर्यंत सरळ रेषेत खुंट्या ठोकल्या आणि पुढच्या वर्षी येऊन पाहिलं. रेषा वाकली होती. मधल्या खुंट्या पुढे गेल्या होत्या, काठाजवळच्या मागे राहिल्या होत्या. त्याच सुमारास, १८४२ मध्ये, जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने शामोनीजवळच्या मेर द ग्लास हिमनदीवर थिओडोलाइट हे कोन मोजणारं यंत्र रोखून तास-तासाची मोजणी केली आणि दाखवून दिलं की बर्फ रात्रंदिवस चालतो. बर्फाचा सगळा ठोकळा एकसंध घसरत असता, तर खुंट्यांची रेषा सरळच राहिली असती. रेषा वाकली याचा अर्थ बर्फाचा एक भाग दुसऱ्याच्या तुलनेत पुढे सरकत होता, म्हणजेच बर्फ आतून वाहत होता.

फोर्ब्सने या मोजणीतून एक भाकीतही केलं. १८२० मध्ये माँ ब्लाँच्या चढाईत तीन वाटाडे हिमकड्याबरोबर घसरून भेगेत गाडले गेले होते. त्यांचे अवशेष साधारण चाळीस वर्षांनी बोसाँच्या खालच्या टोकाशी निघतील, असं तो म्हणाला. ते १८६१ मध्ये निघाले. विज्ञानाचं इतकं नेमकं आणि इतकं दुःखद भाकीत क्वचितच खरं ठरलं असेल.

पांढऱ्या तापाचं लोखंड आणि उणे दहाचा बर्फ

बर्फ वाहतो हे मान्य केलं तरी मन अडखळतं. बर्फ हातात घ्या, तो कठीण असतो. आपटा, तो फुटतो. असा पदार्थ वाहणार कसा?

इथे लोहाराकडे जावं लागतं. थंड लोखंड घणाने वाकत नाही. भात्यावर तापवून लाल केलं की तेच ऐरणीवर हवा तो आकार घेतं. लाल लोखंड वितळलेलं नसतं, घनच असतं. पण ते आपल्या वितळणबिंदूच्या जवळ गेलेलं असतं, आणि त्या अवस्थेत त्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सरकायला तयार असतात. आता बर्फाचं तापमान याच हिशेबाने बघा. निसर्गातलं सगळ्यात खालचं तापमान म्हणजे उणे २७३ अंश. त्याला शून्य धरून मोजलं, तर बर्फ २७३ वर वितळतो आणि उणे १० अंशांचा बर्फ २६३ वर असतो. म्हणजे आपल्याला हाड गोठवणारा वाटणारा हा बर्फ वितळणबिंदूच्या ९६ टक्क्यांपर्यंत ‘तापलेला’ असतो. लोखंडाला याच प्रमाणात तापवायचं तर सुमारे १,४७० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागेल. लोहार इतकं तापवतही नाही. पृथ्वीवरचा जवळजवळ सगळा बर्फ या अर्थाने कायम भट्टीतच असतो.

शिवाय बर्फाच्या स्फटिकाची रचना थरांची आहे. पाण्याचे रेणू षटकोनी जाळ्यात बसतात आणि ही जाळी एकावर एक रचलेली असतात. थरांना समांतर जोर लागला तर ती सहज सरकतात. आडवा जोर लागला तर स्फटिक कितीतरी जास्त विरोध करतो. हिमनदीत असे असंख्य स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात. वरच्या वजनाखाली ते सरकतात, फिरतात, मोडून नव्याने बनतात. प्रत्येकाची हालचाल डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक, पण सगळी मिळून डोंगर उतरणारी.

एवढा बर्फ जमतो कसा, तेही थोडक्यात पाहू. ताज्या भुसभुशीत हिमाच्या एका घनमीटरचं वजन ५० ते १०० किलो असतं, बाकी सगळी हवा. वरून नवं हिम पडत राहतं, खालचं दबतं, कण गोल होतात, एकमेकांना चिकटतात. घनमीटरचं वजन ८३० किलोच्या आसपास पोहोचलं की कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि उरलेली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. तिथून पुढे तो खरा बर्फ, आणि पूर्ण दबल्यावर त्याचं वजन ९१७ किलोपर्यंत जातं. आल्प्स-हिमालयात याला काही वर्षं ते काही दशकं लागतात. अंटार्क्टिकाच्या मधल्या थंड, कोरड्या भागात हजारो वर्षं.

किती जोर लागल्यावर बर्फ किती वाहील, याचं गणित १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये जॉन ग्लेन यांनी बर्फाच्या ठोकळ्यांवर वजनं लावून मांडलं. जोर दुप्पट केला तर वाहण्याचा वेग दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतो. हिमनदीचा स्वभाव या एका नियमात बराचसा दडलेला आहे, आणि हिमालयाकडे येताना तो पुन्हा लागणार आहे. तळाजवळ वजन सर्वाधिक, म्हणून बर्फाचं सगळ्यात जास्त विरूपणही तिथेच होतं. वरचे थर खालच्यांच्या पाठीवर बसून प्रवास करतात आणि म्हणून पृष्ठभाग सगळ्यात वेगाने पुढे जातो. त्याच काळात स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउ भागात सव्वाशे मीटरहून खोल भोक पाडून त्यात पोलादी नळी सोडण्यात आली. उभी सोडलेली नळी हळूहळू झुकली: वरचं टोक पुढे, खालचं मागे. या प्रयोगात मॅक्स पेरुट्झ होते. हिमोग्लोबिनची रचना उलगडून १९६२ चं नोबेल मिळवणारे तेच हे पेरुट्झ, स्फटिकांच्या ओढीने बर्फापर्यंत आलेले.

मग भेगा का पडतात? बर्फ सावकाश लावलेल्या जोराला वाहून उत्तर देतो, पण उतार एकदम तीव्र झाला आणि ताण झपाट्याने वाढला तर वाहायला त्याला सवड मिळत नाही आणि तो फाटतो. साधारण तीस मीटरच्या खाली वरच्या बर्फाचं वजनच भेगेला दाबून मिटवू लागतं. म्हणून कोरड्या भेगांना सहसा तेवढीच खोली असते. भेगेत पाणी भरलं की मात्र हा हिशेब पार बदलतो.

वर गाडलेलं खाली का उघडं पडतं

आता दुसऱ्या कोड्याकडे. हिमनदीचे दोन भाग कल्पा. वरच्या भागात हिवाळ्यात पडलेलं सगळं हिम उन्हाळ्यात वितळत नाही. दरवर्षी काही शिल्लक राहतं. खालच्या भागात उलटं: पडतं त्यापेक्षा जास्त वितळतं. मधे एक रेषा असते जिथे आवक आणि जावक सारखी होते.

वरच्या भागात पडलेल्या वस्तूवर दरवर्षी नवा थर चढतो. ती खोल जाते, आणि त्याच वेळी बर्फाबरोबर पुढेही सरकते. म्हणून तिचा मार्ग तिरका, खाली जाणारा असतो. रेषा ओलांडली की वरून भर पडणं थांबतं आणि छप्पर वितळायला लागतं. खालच्या टोकाजवळ वर्षाला कित्येक मीटर बर्फ वितळून जातो. वस्तूला कुणी वर ढकलत नाही. तिच्यावरचा बर्फ नाहीसा होतो आणि एके दिवशी ती उघडी पडते.

यातून एक सुरेख क्रम निघतो. रेषेच्या थोडंसंच वर पडलेली वस्तू उथळ जाते आणि रेषेच्या थोडंसंच खाली निघते. अगदी माथ्यावर पडलेली वस्तू सगळ्यात खोल जाते, सगळ्यात लांब जाते आणि अगदी टोकाशी निघते. विमानं माथ्याजवळ पडली, म्हणून त्यांचे अवशेष इतक्या खाली निघाले. अवशेष एकाच वर्षी न निघता दशकानुदशकं निघत राहतात, कारण ते मुळातच विखुरले होते. काही भेगांत पडले, काही काठाला लागले, काही मधल्या वेगवान प्रवाहात आले. बोसाँ ही तीव्र उताराची, आल्प्समधली चपळ हिमनदी. सात-एक किलोमीटरचं अंतर ४६ वर्षांत, म्हणजे सरासरी दिवसाला चाळीसेक सेंटिमीटर असा तिचा वेग येतो.

तळाखाली माणसं

आतलं वाहणं ही हिमनदीची एक चाल. दुसरी चाल म्हणजे तळाशी खडकावरून घसरणं, आणि वेगातले मोठे चढउतार बहुतेक वेळा इथूनच येतात.

बर्फ खडकावर नुसता टेकलेला असेल तर तो घसरणार कसा? खडक तर खडबडीत आहे. उत्तराचा पहिला भाग असा की बर्फावर दाब वाढला की त्याचा वितळणबिंदू किंचित खाली येतो, शंभर मीटर जाडीला ०.०७ अंशाच्या आसपास. आकडा नगण्य वाटतो, पण तळाचा बर्फ मुळातच वितळण्याच्या उंबरठ्यावर असतो. खडकाच्या उंचवट्यावर चढणीच्या बाजूने बर्फ दाबला जातो, तिथे तो थोडा वितळतो. ते पाणी उंचवट्याला वळसा घालून पलीकडे जातं, तिथे दाब कमी असल्यामुळे पुन्हा गोठतं. उंचवटा लहान असेल तर बर्फ असा वितळत-गोठत पार होतो. मोठा असेल तर तो त्याच्यावरून आणि बाजूने वाहत जातो. १९५७ मध्ये योहानेस वेर्टमन यांनी हे दोन्ही मार्ग एकत्र मांडले. सगळ्यात जास्त अडवतात ते मधल्या आकाराचे उंचवटे, कारण दोन्ही युक्त्या तिथे कमी पडतात.

कागदावरचं हे गणित प्रत्यक्षात तपासायचं तर हिमनदीच्या खाली जायला हवं. नॉर्वेने ते करून दाखवलं. आर्क्टिक वर्तुळाच्या थोडं वर स्वार्तिसेन या हिमप्रदेशात जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगर पोखरून बोगदे काढले गेले, बर्फाखालचं पाणी थेट पकडायचं म्हणून. त्याच बोगद्यांतून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एंगाब्रेन हिमनदीच्या बरोबर खाली एक प्रयोगशाळा उभी राहिली. डोक्यावर सुमारे २०० मीटर बर्फ. बोगद्याच्या टोकाशी खडक संपतो आणि बर्फाची भिंत लागते. शास्त्रज्ञ त्या भिंतीवर गरम पाण्याचा फवारा मारून गुहा वितळवतात, आत शिरून खडकावर उपकरणं बसवतात, आणि घाई करतात, कारण वर सुमारे १८ वातावरणांचा दाब आहे आणि गुहा तयार झाल्या क्षणापासून मिटायला लागते. काही दिवसांत तिथे गुहा होती याची खूणही उरत नाही. बर्फ वाहतो याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

तिथे दिसलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तळाचा बर्फ स्वच्छ नसतो. त्यात वाळू, खडे, धोंडे रुतलेले असतात आणि तेच खडकाला घासत पुढे जातात. खडकाशी होणारं घर्षण त्यामुळे जुन्या सिद्धांतांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त भरलं. हिमनद्या दऱ्या कशा कोरतात, हेही इथेच कळतं: निव्वळ बर्फ खडकाचं फारसं काही बिघडवू शकत नाही; कोरतात ते त्यात धरलेले दगड.

शामोनीच्याच खोऱ्यात, बोसाँपासून फार दूर नाही अशा आर्जांतिएर हिमनदीखालीही असेच जलविद्युतचे बोगदे आहेत. तिथे बर्फ खडकाच्या पायरीवरून उतरताना त्याच्या पाठीमागे नैसर्गिक पोकळी राहते. त्या पोकळीत संशोधकांनी सायकलचं एक चाक बर्फाच्या तळाला टेकवून बसवलं आहे. बर्फ सरकला की चाक फिरतं, आणि किती फिरलं याची नोंद होत राहते. कित्येक वर्षं हे चाक अंधारात हिमनदीचा वेग मोजत आलं आहे. महागड्या उपग्रहांच्या काळात या चाकाबद्दल मला विशेष आदर वाटतो, कारण उपग्रहाला पृष्ठभागाचा वेग दिसतो. त्यातलं घसरणं किती आणि आतलं वाहणं किती, हे बर्फाच्या आत किंवा तळाशी मोजल्याशिवाय वेगळं काढता येत नाही.

चौकट : बर्फाच्या आत पाहायची साधनं

*रडार.* बर्फातून रेडिओ लहरी आरपार जातात आणि खडकावर आपटून परततात. बर्फात त्या एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सुमारे १६८ मीटर जातात. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून बर्फाची जाडी कळते.

*गरम पाण्याचं ड्रिल.* नळीच्या तोंडातून गरम पाण्याची धार सोडत बर्फात उभं भोक पाडतात. त्यात पाण्याचा दाब आणि कलता कोन मोजणारी उपकरणं सोडतात.

*भूकंपमापक.* बर्फ तडकताना, तळाशी अडकून सुटताना बारीक हादरे बसतात. ते कुठून आले हे शोधून आत काय चाललं आहे ते कळतं.

*रंग.* वरच्या विवरात रंग ओततात आणि हिमनदीच्या तोंडाशी तो कधी बाहेर येतो ते पाहतात. लवकर आणि एकदम आला तर आत मोठा मोकळा बोगदा आहे. उशिरा आणि पसरून आला तर पाणी बारीक फटींतून झिरपत आलं आहे.

पाणी जास्त, तरी वेग कमी

उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवर ओढे वाहतात आणि वाटेत एखाद्या उभ्या विहिरीत गडप होतात. या विहिरींना अभ्यासक फ्रेंच शब्दाने ‘मुलाँ’ म्हणतात. १८४१ मध्ये अगासी दोराला फळी बांधून, त्यावर बसून अशा एका विहिरीत उतरला होता. विहिरीत पडणारा ओढा आधी दुसरीकडे वळवला होता. सुमारे १२० फुटांवर त्याचे पाय बर्फगार पाण्यात बुडाले. वरच्या माणसांना त्याची ओरड नीट कळली नाही आणि त्यांनी त्याला आणखी खाली सोडलं. तो वाचला, पण असं धाडस शास्त्रीय कुतूहलाशिवाय कुणी करू नये, असं त्याचंही मत झालं.

हे पाणी जातं कुठे? तळाशी. आणि तिथे ते काय करतं, हे गेल्या पन्नासेक वर्षांतलं सगळ्यात रंजक प्रकरण आहे.

हिवाळ्यात तळाशी पाणी थोडं असतं. उंचवट्यांमागच्या पोकळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद फटी, एवढ्यात ते मावतं. वसंतात वितळलेलं पाणी अचानक येतं. फटी अपुऱ्या पडतात, पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि तो वरच्या बर्फाचं वजन काही प्रमाणात पेलू लागतो. बर्फ खडकापासून किंचित उचलला जातो, घर्षण घटतं, हिमनदी धाव घेते. पण वाहतं पाणी स्वतःची उष्णता बर्फाला देत जातं आणि आपली वाट रुंद करतं. काही आठवड्यांत तळाशी मोठे बोगदे तयार होतात. त्यातून पाणी सुसाट निघून जातं, तुंबत नाही, दाब उतरतो. म्हणून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाणी वसंतापेक्षा कितीतरी जास्त असूनही हिमनदी मंदावते. हिवाळा आला की पाणी आटतं आणि वरचा बर्फ वाहून ते बोगदे मिटवतो. पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात. एकूण पाण्यापेक्षा ते किती अचानक आलं आणि त्याला वाट मिळाली का, यावर वेग ठरतो.

याचं सगळ्यात थरारक दर्शन जुलै २००६ मध्ये ग्रीनलंडमध्ये झालं. बर्फाच्या पाठीवरचं सुमारे साडेपाच चौरस किलोमीटरचं एक तळं दीडेक तासात रिकामं झालं. त्यावेळी पाण्याचा लोंढा नायगारापेक्षा मोठा होता. खाली जवळपास एक किलोमीटर जाड बर्फ होता, आणि पाणी तो भेदून थेट तळाशी गेलं. ते कसं शक्य झालं? कोरडी भेग वरच्या वजनाने मिटते हे आपण पाहिलं. पण पाणी बर्फापेक्षा जड आहे. भेग पाण्याने भरलेली राहिली तर आतल्या पाण्याचा दाब बाजूच्या बर्फाच्या दाबाहून जास्त भरतो, भेग मिटण्याऐवजी आणखी खाली फाटत जाते, आणि पाणी पुरतंय तोवर थांबत नाही. त्या दिवशी तळ्याजवळचा बर्फ १.२ मीटर वर उचलला गेला, आणि पाणी पसरल्यावर पुन्हा खाली बसला.

आतलं पाणी अडून राहिलं तर ते जीवघेणंही ठरतं. माँ ब्लाँच्याच परिसरातली तेत रूस ही एक छोटी हिमनदी. १२ जुलै १८९२ च्या रात्री तिच्या पोटात साठलेलं पाणी फुटून बाहेर पडलं आणि खालच्या सँ-जर्व्हे भागात सुमारे १७५ माणसं गेली. वरून काहीही दिसत नव्हतं. २०१० मध्ये त्याच हिमनदीची आतून तपासणी झाली तेव्हा पुन्हा सुमारे ५५,००० घनमीटर पाणी दाबाखाली साठलेलं आढळलं. कारण असं की हिमनदीचं खालचं टोक थंड, खडकाला गोठून चिकटलेलं होतं. पाण्याला वाटच नव्हती. खाली हजारो माणसं राहत होती. बर्फात भोकं पाडून पंपाने बहुतेक पाणी उपसलं गेलं. हिमनदीच्या आत डोकावण्याची ही विद्या किती माणसांच्या जिवाशी जोडलेली आहे, हे सांगायला एवढं एक उदाहरण मला पुरेसं वाटतं.

लाहौल-स्पितीतला मंदावलेला बर्फ

हिमालयातल्या अनेक हिमनद्यांच्या खालच्या भागावर दगड-मातीचं जाड पांघरूण असतं. त्याखालचं काही दिसत नाही, म्हणून आतल्या पाण्याचे मार्ग शोधायला नेपाळच्या खुंबू भागात संशोधक थेट बर्फातल्या गुहांत शिरले आहेत, वितळ थांबल्यावर, गुहा कोरड्या असताना. त्यांना दिसलं की काही बोगदे जुन्या, मिटलेल्या भेगांच्या रेषेवर पाणी झिरपून रुंदावतात. काही वेळा पृष्ठभागावरचा ओढाच बर्फ कापत खोल जातो आणि त्याच्या माथ्यावरचा बर्फ वाहून छप्पर मिटतं. पृष्ठभागावरची तळी रातोरात रिकामी होतात ती याच वाटांनी.

भारतात या अभ्यासाचं एक केंद्र हिमाचलमधलं चंद्रा नदीचं खोरं आहे. छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून दरवर्षी आवक-जावकीचा हिशेब मांडला जातो. याच खोऱ्याच्या परिसरात, चार हजार मीटरहून उंच जागी, २०१६ मध्ये ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र सुरू झालं. ते चालवते गोव्यातली, वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था; समुद्राकाठच्या या संस्थेची माणसं दर उन्हाळ्यात सुत्री ढाका आणि आजूबाजूच्या हिमनद्यांवर चढतात. बर्फात भोक पाडून काठ्या रोवायच्या. वर्षाने काठी किती उघडी पडली त्यावरून वितळ, आणि किती पुढे सरकली त्यावरून वेग. पद्धत अगासीचीच, जोडीला उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र.

वेगाच्या मोजणीतून आलेली माहिती अनेकांना उलटी वाटेल. हवामान तापतंय, बर्फ वितळतोय, तर हिमनद्या जोराने खाली येत असतील, असा समज सहज होतो. २००० ते २०१७ या काळातल्या उपग्रह छायाचित्रांच्या लाखो जोड्या ताडून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशियातल्या उंच पर्वतांमधल्या बहुतेक हिमनद्या मंदावलेल्या आढळल्या. काराकोरममध्ये, जिथे बर्फाची जाडी टिकून होती, तिथे वेग टिकला किंवा थोडा वाढला. आणि सगळ्यात ठळक मंदावलेल्या प्रदेशांमध्ये आपलं लाहौल-स्पिती होतं. तिथे दशकात सुमारे एक तृतीयांश वेग गेला.

कारण ग्लेनच्या नियमात आहे. तळावरचा जोर बर्फाच्या जाडीवर आणि उतारावर ठरतो. जोराच्या तिसऱ्या घाताने वाहण्याचा दर बदलतो, शिवाय वाहणारा थरही पातळ झालेला असतो. दोन्ही मिळून आतल्या वाहण्याचा वेग जाडीच्या चौथ्या घाताने घटतो. जाडी फक्त दहा टक्के कमी झाली तर हा वेग सुमारे एक तृतीयांशाने उतरतो.

मंदावलेली हिमनदी वरचा बर्फ पूर्वीइतका खाली पोहोचवू शकत नाही. खालची जीभ उपाशी पडते, जागच्या जागी वितळते, तिच्यात खड्डे पडतात, खड्ड्यांत पाणी साठतं. चंद्रा खोऱ्यात समुद्र टापू आणि सिस्सूच्या वरच्या घेपन घाट इथली तळी अशीच वाढत आली आहेत, आणि तळ्याचं पाणी बर्फाला कडेने आणखी खातं. म्हणून या हिमनद्यांवर रडार ओढत नेलं जातं. जाडीच्या नोंदींवरून बर्फाखालच्या खडकाचा नकाशा तयार होतो, आणि त्या नकाशात जिथे खडकाला खोलगट वाटी आहे, तिथे बर्फ मागे हटल्यावर पुढचं तळं होणार असतं. ते कोणत्या गावाच्या वर असेल, हे तळं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी सांगता येतं.